क्रेनला टांगलेली टिटवी

“मॅडम, थांबवा! थांबवा ना!” सप्रेसाहेब ओरडले.

थांबवलं होतंच. मी मूठ वळून हात वर केला होता आणि क्रेनवाल्याने लिव्हर सोडला होता. बोट पाण्यापासून हातभर वर आली होती आणि तिच्या दोन जोडहोड्यांपैकी डावीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली चाललं होतं. क्रेन थांबल्यावरही ते खाली जातच होतं.

हे वाईट लक्षण. उचलताना बोट तिरकी झाली, तर तिच्या पोटाखालून घातलेले क्रेनचे बेल्ट चुकीच्या जागी लागलेत असं समजायचं. खाली घ्यायची, बेल्ट सरकवायचे, पुन्हा उचलायची. पण उचलणं थांबल्यावरही ती तिरकी होत राहिली, तर आत काहीतरी सरकतंय.

मी मरीन सर्व्हेयर आहे. जहाजाला काय झालंय, का झालंय आणि ते पाण्यात राहण्याच्या लायकीचं आहे का, हे तपासून सांगणं माझं काम. नवऱ्याच्या नोकरीमुळे कोलकात्याला आले आणि इथलीच झाले. रोजचं काम खिदिरपूरच्या डॉकमध्ये असतं. बार्ज, टग, कधी एखादा जुना ड्रेजर. शिडाची बोट माझ्याकडे क्वचितच येते. ही आली ती गणपतीतल्या ओळखीतून.

सप्रेसाहेब सरकारी बँकेतून निवृत्त झालेले. मुलगी इरा लहान असताना बदली होऊन कोलकात्याला आले. तिची शाळा मोडू नये म्हणून पुढच्या बदल्या त्यांनी एकट्याने काढल्या आणि निवृत्तीनंतर परत इथेच आले. बोटीबद्दल पहिल्यांदा बोलायला घरी आले तेव्हा म्हणाले होते, “आयुष्यभर बँकेच्या क्वार्टरमध्ये राहिलो. पडद्याचं मापसुद्धा आधीच्या माणसाचं. आता एक गोष्ट माझ्या मनाने करायचीय.”

ती गोष्ट म्हणजे हा कॅटामरान. दोन लांब, अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, मधे ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या तुळया बोल्टने जोडायच्या, वर बसायला जाळं ताणायचं आणि मधोमध डोलकाठी उभी करायची, की झाला कॅटामरान. त्यातल्या प्रत्येक होडीला हल म्हणतात. आधीचा मालक परदेशी निघून गेला होता आणि बोट बराच काळ नदीत नांगरून पडली होती. सप्रेसाहेबांनी ती आहे तशी घेतली. मग इरा आणि ते दोघं रविवारी येऊन, ओहोटीला ती गाळावर टेकली की, तिला रंग देत राहिले. पांढरी शुभ्र बोट, निळी पट्टी. नाकाजवळ इराने मराठीत नाव लिहिलं होतं, टिटवी.

मला बोलावलं ते बोट बाहेर काढून नीट ठेवण्यासाठी. पावसाळाभर ती जमिनीवर ठेवायची, खालचा भाग तपासायचा, दुरुस्ती करायची आणि थंडीत परत पाण्यात सोडायची. बराकपूरच्या जरा खाली पालितबाबूंचं बोटींचं यार्ड आहे. धक्का, शेड आणि एक जुनी पण तब्येतीने बरी क्रेन. जागा मी नक्की केली. उचलण्याचा प्लॅनही माझाच. सकाळी डोलकाठी उतरवून घेतली. डावं नाक किंचित खाली वाटलं, तेव्हा सप्रेसाहेब म्हणाले, “पुढे नांगराची साखळी आहे.” साखळी काढायला लावली. नदीला लाटा होत्या, त्यामुळे फरक पडला की नाही ते नीट दिसेना. म्हणून हातभर उचलून थांबायचं ठरवलं होतं. ते थांबणंच आता कामाला आलं.

“वजनकाट्यावर किती दाखवतंय?” मी क्रेनवाल्याला हिंदीत विचारलं.

त्याने आकडा सांगितला. बोटीच्या वजनाचा आम्ही धरलेला अंदाज त्याच्या खूप मागे राहिला होता.

“पाणी आहे आत,” मी म्हणाले. “डाव्या हलच्या पुढच्या कप्प्यात.”

“आत पाणी कसं असेल?” सप्रेसाहेब म्हणाले. “तो कप्पा तर बंद आहे. सील केलेला.”

बंद कप्पा असतो हे खरं. बोट उलटली तरी बुडू नये म्हणून नाकात हवाबंद जागा ठेवतात, कधी आत फोम भरतात. पण हवा बाहेर जात नाही अशा जागेत पाणी शिरलं, तर तेही बाहेर जात नाही. आणि अर्धवट भरलेलं पाणी सगळ्यात धोक्याचं. परातीत पाणी घेऊन चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ती आणखी कलते.

इरा माझ्या मागे उभी होती. तिचं मराठी घरापुरतं. “काकू, बोट पडणार काय?”

“बेल्ट धरून आहेत तोवर नाही.”

बेल्ट मात्र सरकायला बघत होते. नवा रंग गुळगुळीत होता आणि पुढचा बेल्ट त्यावरून नाकाकडे घसरू लागला होता. तो अजून जागेवर होता तो एका दोरामुळे. उचलण्याआधी पुढचा आणि मागचा बेल्ट मी दोराने एकमेकांना बांधून घेतले होते. तो दोर आता तारेसारखा ताणला होता आणि बारीक करकरत होता.

तेवढ्यात वारा पडला. दिवसभर नदीवरून येणारी झुळूक एकदम बंद झाली. पालितबाबू शेडमधून धावत बाहेर आले आणि त्यांनी वायव्येकडे बोट दाखवलं. पलीकडच्या काठावरच्या गिरणीच्या धुराड्यामागे आभाळ शाईसारखं झालं होतं आणि त्याच्या खालून पिवळट उजेड येत होता. चैत्र-वैशाखात इथे दुपार कलल्यावर असं वादळ येतं. त्याला कालबैशाखी म्हणतात. आधी सगळं गप्प होतं, मग अर्ध्या तासाच्या आत झाडं मोडतात. त्या दिवशीच्या हवामान अंदाजात ते रात्रीसाठी सांगितलं होतं.

“दिदी, झोड़ आशछे!” पालितबाबू म्हणाले. वादळ येतंय. मग हिंदीत, “वापस पानी में डालिए. मेरा क्रेन खड़ा है इधर.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण पाण्यात सोडली तर काय होणार, ते मला दिसत होतं. डोलकाठी नाही, इंजिन नाही, एका नाकात पाणी, आणि शेजारी धक्क्याचे लोखंडी खांब. वादळात नदी तिला त्या खांबांवर आपटत राहिली असती. तशीच धक्क्यावर आणून स्टँडवर ठेवावी, तर स्टँड सरळ बोटीसाठी बनवलेले. डावं नाक आधी टेकलं असतं, तुळया पिळवटल्या असत्या आणि सगळी बोट धक्क्यावरच्या माणसांच्या अंगावर आली असती. आणि अशीच टांगून ठेवली, तर कॅटामरानचा पोटाखालचा रुंद मोकळा भाग वाऱ्यात पतंगासारखा उचलला जातो. मग क्रेनही गेली असती.

“पाणी इथेच काढायचं,” मी म्हणाले. “ड्रिल आणा. बॅटरीवालं.”

सप्रेसाहेब माझ्याकडे बघत राहिले. “ड्रिल कशाला?”

“नाकाच्या तळाशी भोक पाडायचंय.”

“भोक? माझ्या बोटीला?”

“हो.”

“दुसरा काही उपाय नाही?”

“आहेत. पण त्या सगळ्यांना वेळ लागतो.”

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. इतके रविवार गाळात पाय रोवून घासलेली, रंगवलेली बोट. मला त्यांची परवानगी हवी होती. बोट त्यांची होती. पण हेही माहीत होतं की ते नाही म्हणाले, तर माझ्याकडे वाद घालायला सवड नाही.

“बाबा, तुम्ही हो बोला ना!” इरा म्हणाली. “पेंट मी परत करणार. सगळा पेंट मी करणार.”

त्यांनी मान हलवली.

बोटीचा डावा हल धक्क्याच्या बाजूलाच होता. टांगलेल्या वजनाखाली कधीही जायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून मी धक्क्याच्या कडेला उभी राहिले, सेफ्टी बेल्ट कमरेला, त्याचा दोर धक्क्यावरच्या खुंट्याला. माझ्याखाली नदी, बोटीखालीही नदी. पालितबाबूंची माणसं दोन्ही टोकांचे दोर धरून बोट धक्क्याजवळ थोपवून होती. “हाफिज, हाफिज,” मी क्रेनवाल्याला म्हणाले. डॉकच्या भाषेत हाफिज म्हणजे वर. नाक माझ्या छातीपाशी आलं.

“आप खुद क्यों?” पालितबाबूंनी विचारलं.

“प्लान पर साइन मेरा है.”

सप्रेसाहेब न सांगता माझ्या मागे आले आणि दोन्ही हातांनी माझा कमरेचा पट्टा धरला. “मी धरलंय. तुम्ही करा.”

ड्रिल लावलं. पांढऱ्या रंगाची भुकटी उडाली, मग फायबरची. एकदम पुढचा अडथळा संपला आणि ड्रिल काढताच पाण्याची धार आली. काळं, सडक्या अंड्यासारखा वास मारणारं पाणी. मागे कुणीतरी ओरडलं, आनंदाने. इराच असावी.

धार बारीक झाली. मग थेंब. मग बंद.

“संपलं?” सप्रेसाहेब.

नाक तसूभरही वर आलं नव्हतं. “नाही. हवा जात नाहीये आत.”

बाटली एकदम उलटी केली की पाणी अडखळतं, तसं झालं होतं. पाणी बाहेर पडायचं तर वरून हवा आत जायला वाट हवी. म्हणजे दुसरं भोक, वरच्या अंगाला. माझा हात तिथे पोचत नव्हता. सप्रेसाहेबांनी पायाने एक लाकडी स्लीपर, रुळांखाली असतो तसा जाड ओंडका, माझ्याजवळ ओढला. मी त्यावर चढले. आता मी ज्या जागी टोक टेकवलं होतं, ती जागा इराच्या अक्षरात होती. ‘टि’च्या वेलांटीत. सप्रेसाहेबांनाही ते दिसलं असणार. पट्ट्यावरची पकड तेवढी घट्ट झाली.

ड्रिल निम्मं आत गेलं आणि पहिला झोत आला.

थंडगार वारा, त्यात धूळ आणि पानं. बोट माझ्यापासून दूर झोकली. ड्रिल तिच्यात अडकलेलं. माझा हात खेचला गेला, पाय स्लीपरवरून निसटला आणि क्षणभर मी नदीवर लटकले, कमरेच्या पट्ट्यावर आणि एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या हातांवर. मी ड्रिल सोडून दिलं. सप्रेसाहेबांनी मला मागे ओढलं आणि आम्ही दोघंही धक्क्यावर आपटलो.

बोट परत झोका घेऊन आली. येताना ड्रिल निखळून नदीत पडलं. पण त्याच्या वजनाने भोक पुरतं झालं होतं. शिट्टीसारखा आवाज आला, आत शिरणाऱ्या हवेचा. आणि खालच्या भोकातून पाणी पुन्हा उसळलं, पहिल्यापेक्षा जोरात.

दोर धरलेली माणसं मागे रेलून उभी होती. पलीकडचा काठ दिसेनासा झाला. मी फक्त बेल्टांमधल्या त्या दोराकडे बघत होते. त्याची करकर थांबली. मग तो जरा सैल झाला. डावं नाक हळूहळू वर येत होतं.

“हाफिज!” मी ओरडले. “हाफिज! घुमाओ!”

बोट धक्क्यावर आली आणि स्टँडवर बसली. ती पूर्ण सरळ नव्हती, पण चालण्यासारखी होती. चारी बाजूंनी दोर टाकले, खुंट्यांना आणि स्लीपरांना आवळले. क्रेनवाल्याने क्रेनचा लांब हात, बूम, खाली घेतला. आम्ही शेडमध्ये पोचलो आणि गारा सुरू झाल्या.

पत्र्यावरच्या त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. दारातून टिटवी दिसत होती. प्रत्येक झोतासरशी ती स्टँडवर उचलल्यासारखी व्हायची आणि परत बसायची. सप्रेसाहेब दारातच उभे राहिले, भिजत. इराने त्यांना आत ओढायचा प्रयत्न केला, मग ती पण तिथेच उभी राहिली. वादळ ओसरलं तेव्हा यार्डातलं एक झाड आडवं झालं होतं. बोट उभी होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुरुस्तीला हात घातला. शेडचं दार कॅटामरानच्या रुंदीला पुरेना. म्हणून तुळयांचे बोल्ट काढून दोन्ही हल वेगळे केले आणि आत नेले. डाव्या हलच्या नाकाला खाली केसाएवढी चीर होती, कधीतरी कशावर तरी आपटल्याची. आत थोडा फोम होता, तो स्पंजसारखा भिजला होता. नाकाला वरून चौकट कापून तो सगळा खरवडून काढावा लागला. पावसाळ्यात कोलकात्यात काहीही सुकवणं म्हणजे शिक्षाच. बाकीच्या कप्प्यांची झाकणं उघडी ठेवली, आत बल्ब लावले, ताडपत्री बोटीला चिकटू न देता वर उंच बांधली म्हणजे खालून हवा खेळेल. पाणी साचू नये म्हणून दोन्ही हल जरा कलते ठेवले. बोट सांभाळून ठेवायची म्हणजे एवढंच असतं. पाणी कुठेही थांबू द्यायचं नाही.

रंग घासताना एक दिवस सप्रेसाहेबांनी मला हाक मारली. मी पाडलेल्या खालच्या भोकापासून वीतभर अंतरावर, रंगाच्या आणि पुट्टीच्या खाली, एक पितळी बूच निघालं होतं. बोट जमिनीवर घेतली की ते उघडून कप्प्यातलं पाणी सोडायचं असतं. ड्रेन प्लग म्हणतात त्याला.

“हे मीच बुजवलं होतं,” ते म्हणाले. “काळी पडलेली खाच दिसत होती. मला वाटलं, इथून पाणी आत येत असेल.”

मी बुचावरून अंगठा फिरवला. ते पुन्हा घासायला लागले.

थंडीत टिटवी पाण्यात उतरली, सरळ. इराने नाव नव्याने लिहिलं. तेव्हापासून जुनी बोट घेणारा कुणीही सल्ला मागायला आला की मी सांगते, पहिला पावसाळा जाऊ द्या, तोवर काहीही बुजवू नका. ज्या भोकाचं काम आपल्याला कळत नाही, ते बहुतेक वेळा कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं.