चौथी वाटी

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी शेडनेटमध्ये पाय ठेवला आणि जागच्या जागी थांबले. मिरचीच्या रोपांची टोकं करपली होती... एका ट्रेमधली नाही, सगळ्या ट्रेमधली, अगदी सारखी.

कुरुंद्याच्या अलीकडं रोडला लागून आमची छोटी नर्सरी आहे. रोपं पंचवीस दिवसांची झाली होती, लोक फोनवर फोन करून राहिले होते, कधी न्यायची म्हणून. मी आधी ट्रेत भरायचा काथ्याचा भुसा देणाऱ्या कोकोपीटवाल्याला झापलं, मग बियाणंवाल्याला... दोघंही म्हणाले, ताई, बाकी कुणाची तक्रार नाही.

माझा स्वभावच तसा. काही बिघडलं की आधी दुसऱ्याच्या नावानं खडे फोडायचे. त्याच आठवड्यात तुरीची डाळ आठ शिट्ट्या देऊनही दाताखाली येत होती म्हणून किराणावाल्याशी भांडले होते, आणि चहा फाटला म्हणून दूधवाल्याशी.

घरात माझी धाकटी नणंद शीतल बाळंतपणाला आलेली. सातवा महिना. मागच्या खेपेला सहाव्या महिन्यात तिचं लेकरू गेलं, त्यामुळं सगळ्यांचा जीव तिच्यात अडकलेला... ती नुसती शिंकली तरी मी धावते.

ह्या वेळी तिच्यासाठी पाणीसुद्धा मी स्वतः करायचे. बोअरचं पाणी गाळायचं, पातेल्यात खळखळ उकळायचं, अर्धं आटेपर्यंत... मग माठात भरायचं. तरी तिची तहान काही भागेना. तांब्या रिकामा करून म्हणायची, वहिनी, घशाला कोरडच आहे गं. मी म्हणायचे, ऊन केवढं आहे, पी अजून.

आमच्या भागात जमीन गुरगुरते, हे बाहेरच्यांना खोटं वाटतं. आधी खालून आवाज येतो, मग फळीवरची भांडी किणकिणतात, आणि मग सगळं गप्प... पाखरंसुद्धा. त्या सोमवारच्या पंधरा दिवस आधी भर दुपारी असा आवाज झाला होता. शीतलनं दोन्ही हात पोटावर धरले होते, ते अजून डोळ्यासमोर आहे.

त्या दिवशी बोअरला अर्धा दिवस गढूळ पाणी आलं. मग निवळलं, ते आधीपेक्षाही स्वच्छ, काचेसारखं. मी खूशच झाले... फक्त आमचा कुत्रा त्या दिवसापासून बोअरच्या हौदातलं पाणी पिईना. जीभ बाहेर काढून हौदाशेजारी उभा राहायचा, वास घ्यायचा आणि उन्हातान्हात कॅनॉलपर्यंत जाऊन पाणी पिऊन यायचा. मी म्हटलं, हिंडायची सवय लागली मेल्याला.

रोपांना पाणी घालायला आमच्याकडं गयाबाई येतात. साठीच्या आहेत, बोलणं कमी, आणि रोपांना लेकरं म्हणतात. त्या सोमवारी त्यांनी झारी खाली ठेवली, ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं... बोटाला पांढरी भुकटी.

"ताई, काहून पाजून राहिल्या हे पाणी लेकरायला?"

मला रागच आला. म्हटलं, बाई, पाणी आरशासारखं आहे, घरात आम्ही तेच पितो, आणि शीतलला तर मी उकळून देते. गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग घराच्या दाराकडं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की गयाबाई आठवडाभर प्यायचं पाणी बाटलीत भरून घरून आणत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, मला वाटलं माझंच तोंड बिघडलंय.

त्यांच्याकडं पाणी बघायची जुनी रीत आहे. वेगवेगळ्या पाण्यात मूग भिजवायचे, त्याच पाण्यानं ओल्या केलेल्या फडक्यात झाकायचे... ज्याला मोड चांगले येतील, ते पाणी रोपांना. मी म्हटलं, ठेवा तीन वाट्या. बोअर, कॅनॉल आणि तुमच्या वस्तीवरचा आड.

बुधवारी सकाळी ओसरीत जाऊन पाहिलं, तर वाट्या चार होत्या.

आडाच्या वाटीत पेरभर मोड. कॅनॉलच्या वाटीत जरा कमी. बोअरच्या वाटीत मूग फुगून तपकिरी पडलेले, एखाद्यालाच मोड... आणि चौथ्या वाटीत एकालाही नाही.

मी विचारलं, ही कुठली? गयाबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या माठातली."

मागं वळून पाहिलं तर दारात शीतल उभी. हातात पेला, अर्धा प्यालेला. मी तो काढून घेतला आणि नेमकी तेव्हाच जमीन पुन्हा गुरगुरली... वाट्या फरशीवर किणकिणल्या, माझ्या हातातल्या पाण्यावर बारीक वलयं उठली. मी स्वतःच्या हातानं तिला काय पाजत होते, एवढंच डोक्यात.

त्याच दिवशी तिला वसमतला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा शीतल हसली आणि मी तिथंच रडले. पाणी मात्र आजच बदला म्हणाल्या. नंतर पाण्याच्या तपासणीतही तेच निघालं... क्षार भरमसाट, आणि उकळून आटवलं की ते आणखी घट्ट होतात. माझ्या मायेनंच पाणी जास्त खारट केलं होतं, आणि रोजच्या सवयीनं घरात कुणाला चवही कळली नव्हती.

आता घरात आडाचं पाणी, रोपांना कॅनॉलचं. निम्मी रोपं हातची गेली, निम्मी सावरली. शीतलची तहान आता एका तांब्यात भागते, रात्रभर झोपते.

मी तीनच वाट्या सांगितल्या होत्या. चौथी गयाबाईंनी मनानं ठेवली, हे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. काल त्यांच्या पाया पडले तर संकोचून मागं सरकल्या. म्हणाल्या, "ट्रेमधलं काय अन् पोटातलं काय ताई, लेकरू ते लेकरूच."

आज दुपारी पुन्हा आवाज झाला... भांडी वाजली, पाखरं गप्प झाली. मी उठून आत जाईपर्यंत शीतलनं मुगाचा डबा काढला होता आणि ओट्यावर चार वाट्या मांडल्या होत्या.