नलूचा बोलका हात

लालबागच्या मसाला गल्लीत नलूला शिंकताना कुणी पाहिलं नाही. मिरची कुटणारे डंक दिवसभर धडधडायचे, गिऱ्हाईकं पदर नाकाला लावून पळायची आणि ही बया डंकाची मोटर बसवलेल्या भिंतीला पाठ टेकून खुशाल मसाला चाळायची. मालक तात्यांच्या डंकावरच तिचं आयुष्य गेलं. मूत्रपिंडं निकामी झाली, तरी डायलिसिस नसेल त्या दिवशी ती हजर असायचीच.

डायलिसिसच्या सुया टोचायला तिच्या डाव्या दंडात, कातडीखाली, एक कृत्रिम नळी बसवली होती. तिच्यातून रक्त धावायचं आणि वर बोट ठेवलं की भुंगा कोंडल्यासारखी थरथर लागायची. नलू म्हणायची, "हात बोलता माझो." डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज बोट ठेवून बघायचं, गप्प झाला की लगेच यायचं. उजव्या हाताच्या शिरा आधीच संपल्या होत्या. ही नळी गेली तर मानेत नळी घालणार होते. डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असायची ती बाई तशाच नळीतून जंतू शिरून गेली होती. तेव्हापासून नलू मानेच्या नळीला जाम टरकून होती.

म्हणून कामाला बसल्या बसल्या ती न चुकता दंडावर बोट ठेवायची. हात बोलायचा, जीव भांड्यात पडायचा.

मिरचीच्या ऐन हंगामात, असंच बोट ठेवलेलं असताना गल्लीतली वीज गेली. सगळे डंक थांबले. आणि त्यांच्याबरोबर तिचा हातही थांबला.

तिने बोट दाबलं, सरकवलं, दंड कानाशी नेला. काही नाही. मग तिला कळलं, बोटाला लागत होती ती मोटरची थरथर. हात आधीच गप्प झाला होता. कधी? आज? काल? मेलेल्या माणसाची ख्यालीखुशाली विचारत बसावं, तसं तिचं चाललं होतं.

"तात्यानू, माझो हात गेलो!"

तात्यांनी तिच्या मुलीला, श्रेयाला, फोन केला. मायलेकी टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात पोचल्या.

"कधी बंद पडला?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवा डायलिसिसला चालू होता," श्रेया म्हणाली. नलूला तोंड वर करवेना.

"गुठळी जुनी झाली की चिकटून बसते. बघू या."

दंड बधिर केला, नलू मात्र जागी होती. बारीक तार आत गेली, गुठळी विरघळवायचं औषध सोडलं, अरुंद झालेल्या जागी इवलासा फुगा फुगवून वाट मोकळी केली. आपल्याच हातात कुणी परकं माणूस घर झाडतंय असं तिला वाटत राहिलं.

"आला प्रवाह. वाचली नळी," डॉक्टर म्हणाले.

वॉर्डात नर्सने बोट ठेवून सांगितलं, "छान बोलतोय, मावशी." नलूने स्वतः ठेवून पाहिलं. थरथर होती. तिने खाटेचा दांडा धरला. तोही थरथरत होता. भिंतीला हात लावला, पलीकडच्या एसीच्या मोटरने भिंतही थरथरत होती. आता यातलं जिवंत कोण? घाबरून तिने जवळ बसलेल्या श्रेयाचा दंड पकडला.

तो गप्प होता.

"डॉक्टर! पोरीचो हात बंद पडलो! धावा!"

"आई, काय करतेस? माझा हात असाच असतो गं. सगळ्यांचा असाच असतो."

नलूला ते पटेना. लेकीचा दंड घट्ट धरून ती बोट सरकवत राहिली.