करडाच्या तोंडाची चटणी

आज शिरूरच्या बाजारात लसणाच्या चटणीचा वास आला आणि मी मनाने थेट वडगाव रासाईच्या आमच्या चुलीपाशी पोचले.

तेव्हा माझ्या पहिल्या चित्रपुस्तकातलं करडू नुकतंच रंगवून झालं होतं. भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "चितरं काढून कुणाचं पोट भरतंय व्हय?"

मी वळले, तर माझी तीन वर्षांची मुक्ता चटणी-भाकरीचा घास चित्रातल्या करडाच्या तोंडाला लावत होती. "खा की रं, भूक लागली ना?"

चित्रावर लालभडक डाग पडला. मला रडूच फुटलं. मुक्ताकडे बघत राहिलेल्या सासूबाईंची भाकरी तव्यावर करपली. "आगं, पोरीला त्ये जितं वाटलं की!"

पुढे छापणाऱ्याने विचारलं, "डाग काढू का?"

"खबरदार!" मी म्हणाले.

आता त्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीतलं करडू चटणी खाऊनच पोरांना भेटतं.