आधी काय विचारायचं

सबंध नवी मुंबईत माणसाच्या मनाचं गणित कुणाला सुटलं असेल, तर ते माझ्या बायकोच्या मामांना, हे मी छातीठोकपणे सांगतो. दिवसा ते महाप्याच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासत आणि संध्याकाळी जुईनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये माणसं तपासत. अणूच्या पोटातले कण ज्या क्वांटम गणिताने चालतात, त्यानेच माणसंही चालतात, असं त्यांचं ठाम मत. ‘‘जावईबापू, विचारेपर्यंत मनात हो आणि नाही एकत्र नांदतात. विचारलं की एक ठरतं. आणि कोणता प्रश्न आधी विचारला, त्यावर उत्तर फिरतं!’’ दाखला घरचाच. मामींना आधी ‘चहा टाकतेस?’ आणि मग ‘दमलीस का?’ विचारलं, तर चहा मिळतो, वर ‘छे, कसली दमतेय!’ हेही ऐकायला मिळतं. क्रम उलटा झाला, तर चहा स्वतः करावा लागतो. सोसायटीच्या सभेत त्यांनी पार्किंगआधी पाण्याचा विषय का घ्यावा, हे फळ्यावर आकडेमोड करून दाखवलं. लोक हसत उठून गेले. पुढच्या सभेत सेक्रेटरींनी गुपचूप तोच क्रम लावला आणि भांडण झालं नाही!

मग त्यांच्या मुलीने तळवलीच्या एका मुलाशी लग्न करायचं ठरवलं. जात वेगळी, आणि मामींचं एकदा ‘नाही’ झालं की ब्रह्मदेवाचाही इलाज नसे. मुलगा मामांना भेटून म्हणाला, ‘‘काका, आमच्या घरात काय टेन्शन नाय. काकूंचं तेवढं तुमी बगा.’’

मामांनी मामींपाशी हा विषय काढायची सगळ्यांना बंदी केली आणि ताटातला भात निवेपर्यंत समीकरणं मांडत बसले. शेवटी एका संध्याकाळी विचारलं, ‘‘पोर हल्ली खुशीत दिसते, नाही?’’ दुसऱ्या दिवशी, ‘‘मागे तू आजारी पडलीस तेव्हा तुला दवाखान्यात नेणारा तो तळवलीचा मुलगा कसा वाटला?’’ लग्नाचं त्यानंतर. मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘करा.’’ त्या दिवशी मामांनी साऱ्या बिल्डिंगला पेढे वाटून सिद्धांत समजावला.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. परवा मामींपाशी त्या विजयाचा विषय निघाला.

‘‘कसला सिद्धांत!’’ मामी म्हणाल्या. ‘‘लेकीने मला आधीच सांगितलं होतं. माझं नाहीच होतं. पण माझं मन दुखू नये म्हणून हा माणूस जेवण विसरून गणितं करतोय, त्याला नाही कसं म्हणू?’’

आणि मग म्हणाल्या, ‘‘आता मला कुणी विचारत नाही हो. सगळे येऊन सांगतात.’’