बाहेरून कुलूप

पहिल्या लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात मला सर्व्हेची ड्युटी लागली. मी मुळशीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते, राहते कोथरूडला. सर्व्हेचं गाव भरे गावाजवळचं, माझ्याच शाळेचं. निम्मी घरं मुलांमुळे ओळखीची होती. पण घरांच्या मागे, जुन्या भातखाचरांत उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोल्यांकडे मी कधी गेले नव्हते. कंपन्यांतले कामगार तिथे भाड्याने राहायचे.

सोबत गावातलीच, आरोग्य खात्याची आशाताई होती. ती ताप बघायची, मी विचारायचे: घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, कामाला कोण जातं, खोकला आहे का. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे आलटूनपालटून झोपणारी पोरं होती. काम बंद झाल्यापासून सगळे एकदमच घरी, म्हणून काही जण भिंतीला टेकून बसल्याबसल्याच झोपायचे. मला वाटलं, यापेक्षा वाईट आता काही दिसायचं नाही.

शेवटच्या खोलीला कुलूप होतं.

"ही गेली गावाला," खोल्यांची मालकीण म्हणाली. साठीच्या पुढची बाई, डोक्यावरचा पदरच तोंडाला धरलेला. "चला बाई, वट्यावर बसा, कोरा च्या टाकते."

आशाताई पुढे निघालीसुद्धा. साथीमुळे मी कुणाकडेच चहा घेत नव्हते, तिलाही नको म्हटलं. बाटलीतलं पाणी प्यायला भिंतीच्या सावलीला थांबले आणि सहज खाली बघितलं. दाराखालच्या फटीतून बोटं बाहेर आली होती. लहान मुलाची. बाहेर पडलेला एक खडा ती पकडू बघत होती.

मी किंचाळलेच. बोटं झटकन आत गेली. आतून रडणं नाही, हाक नाही, काहीच नाही. त्या गप्प राहण्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आत मूल आहे!"

"बाई, हळू बोला," आशाताई माझ्याकडे न बघता म्हणाली.

म्हणजे तिला ठाऊक होतं. मालकिणीने गल्लीच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली, कमरेची किल्ली काढली आणि दार जेमतेम आत जाता येईल एवढंच उघडलं.

उकळत्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. पत्र्याखाली ओली चादर बांधलेली. कोपऱ्यात झाकलेली बादली, ती कशासाठी हे वासावरूनच कळलं. एक तरुण बाई उभी होती, तिच्या पायाला बिलगलेली तीन-चार वर्षांची मुलगी. आईने आधी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"कुणी कोंडलं तुम्हाला?" मी विचारलं.

"मीच म्हणलं, कुलूप लावा," ती म्हणाली. बोली परभणीकडची. तिचा नवरा औषधांच्या कंपनीत होता. कंपनी चालू होती, पण कामगारांनी आतच राहायचं, बाहेर यायचं नाही. इकडे गावातल्या काही मंडळींनी ठरवलं होतं, ज्यांची माणसं कंपनीत आहेत त्यांनी गावात राहायचं नाही. परभणीला जायला गाडी नाही. ते लोक रोज येऊन बघत; कुलूप दिसलं की परत जात. अंधार पडला की मालकीण दोघींना मागे नेऊन आणायची, भाकरी द्यायची.

मी मुलीपुढे बसले. "नाव काय गं तुझं?"

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. मला वाटलं, मुकी आहे.

"बोलती की," आई म्हणाली. "मोठ्यानं बोलायचं न्हाई, एवढं शिकवलंय. आता रडती बी तशीच."

आशाताईने दोघींचा ताप बघितला. नव्हता. दोघी ठणठणीत होत्या.

बाहेर आल्यावर मी मालकिणीवर भडकले. "आत आग लागली असती तर?"

"मग काय करू? काढू रस्त्यावर?" तिचे डोळे भरले, पण आवाज कडकच. "माजी ल्योक-सून बी औंधात भाड्यानंच राहत्यात. त्यास्नी कुणी असं हाकललं तर?"

मी ग्रामसेवकांना फोन लावला. ते आले, पण त्यांच्या मागोमाग गावातले दोघे-तिघेही आले. त्यांतला एक माझ्या वर्गातल्या मुलाचा बाप. गॅदरिंगला खुर्च्या लावणारा, वाकून नमस्कार करणारा माणूस.

"बाई, तुमी रोज पुण्यातनं येताय," तो लांबूनच म्हणाला. "खरं तर आदी तुमालाच येशीवर थांबवायला पायजे."

कानशिलात बसावी तसं झालं. इतकी वर्षं मी स्वतःला त्या गावातली समजत होते.

मालकीण दारात आडवी उभी राहिली. "हिला काढायची तर आदी मला काढा. जागा माजी हाय." बराच वेळ बाचाबाची झाली. शेवटी ग्रामसेवकांनी सांगितलं, आता दोघींची नोंद झाली आहे, हात लावाल तर तक्रार होईल. बडबडत माणसं गेली. कुलूप निघालं, दार उघडं राहिलं.

काही दिवसांनी रेशन घेऊन गेले तेव्हा मुलगी उंबऱ्यावर करवंदं खात बसली होती. "आता बोल की मोठ्यानं," आई म्हणाली. मुलीने आधी गल्लीकडे बघितलं, मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "गोड हायेत."

गाड्या सुरू झाल्यावर नवरा सुटून आला आणि तिघं परभणीला गेली. मला ते मालकिणीकडूनच कळलं. मी विचारलं, "पोरगी मोठ्यानं बोलायला लागली का?"

"गाडीत बसंपातुर तर न्हाई," ती म्हणाली, आणि मला आत चहाला बोलावलं. त्या दिवशी मी गेले.