एकाला एकच बोंड

दादा,

राळेगावच्या स्टँडवर तू माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवलीस, तेव्हा आई वावरातून तडक आली होती. कमरेला वेचणीची ओटी तशीच, केसांत कापसाचे तंतू. त्या वर्षांत कापसाला कोणी विचारत नव्हतं. घरातलं एकच जण शिकू शकेल असं ठरलं आणि तू माझं नाव पुढं केलंस. "शिक, पण आमाले इसरू नको," एवढंच आई बोलली. मी पुण्यात पॉलिटेक्निक केलं, जपानी शिकले आणि कंपनीनं इकडं जपानला पाठवलं.

बाबा गेल्यावर तू आईला माझ्याकडं धाडलंस. फोनवर म्हणालास, "आता तिले तिकडंच ठेव. मी वावर दुसऱ्याले मक्त्यानं देऊन राह्यलो. तिले सांगू नको." मी हो म्हटलं. तिचं मन रमावं म्हणून एका रविवारी तिला आणि माझ्या लेकीला, अन्वीला, घेऊन शहराबाहेरच्या मोठ्या सरकारी बागेत गेले.

बाग कसली, आपल्या शिवाराएवढी. आत छोटी आगगाडी, भाड्याच्या सायकली, पोरांना उड्या मारायला जाळ्या, टेकडीभर गुलाबी फुलं. आई गाडीत बसेना, डब्यातला भात खाईना. अन्वी जपानीतून बडबडायची, आई वऱ्हाडीतून उत्तर द्यायची, आणि मधे भाषांतर करून करून माझं डोकं उठलं होतं. पहाटेपासून केलेली सगळी तयारी पाण्यात चालली होती.

तेवढ्यात एका कोपऱ्यात कापूस दिसला. चार-पाच ओळी, बोंडं फुटलेली. पाटीवर लिहिलं होतं : वेचून पाहा, एकाला एकच बोंड. आईबाप मुलांचे फोटो काढत रांगेत उभे होते.

"हे लोक हौसेनं कापूस वेचून राह्यले?" आईनं विचारलं. मी हो म्हणेपर्यंत ती दोरीखालून आत गेली होती. पदराची ओटी केली आणि दोन्ही हातांनी सुरू झाली. बघता बघता अर्धी ओळ साफ. एक म्हातारा स्वयंसेवक वाकून वाकून माफी मागत धावत आला. त्याच्यापुढं मी वाकले, रांगेपुढं वाकले आणि सगळ्यांदेखत आईच्या पदरातला कापूस काढून त्याच्या टोपलीत टाकला.

"आई, हा खेळ आहे! कळत कसं नाही तुला?"

"माह्या बोटायले थोडीच समजते, खेळ हाय का काम," ती म्हणाली.

बाकावर बसल्यावर तिनं एकच धोशा लावला. "मले वापस जाचं हाय. आपल्या वावरात वेचणी लागली असन."

मी वैतागले होते. तिच्यावर, त्या पाटीवर, तुझ्यावरसुद्धा. तोंडून निघून गेलं, "कोणाचं वावर? दादानं मक्त्यानं दिलं ते!"

आई बराच वेळ अन्वीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत राहिली. मग म्हणाली, "तुमी दोघायनं ठरोलं. मले काहून नाही इचारलं वं?"

पुढचं तुला ठाऊकच आहे. आठवड्यात तिनं तिकीट काढायला लावलं. आता ती आपल्याच वावरात मक्तेदाराच्या मजुरीवर वेचायला जाते, आणि तू मला फोन करून ओरडतोस की मी गुपित फोडलं. फोडलं, दादा. पण लपवायला तू सांगितलंस आणि मी मान डोलावली. रांगेपुढं तिचा पदर रिकामा केला तो मात्र मी एकटीनं.

परवा तिला फोनवर म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी घरी ये." ती म्हणाली, "घरीच तं हावो बाई."

तिला राहू दे तिथं. तिला सांगावं लागत नाही घर कुठं आहे ते. अन्वीलाही नाही, तिचं घर इथं आहे. मला कोणी विचारलं की मी कंपनीनं दिलेला पत्ता सांगते, आणि राळेगाव असा तोंडात आलेला शब्द गिळून टाकते.