लेकीच्या गावचा बरबडा

आई जीपमध्ये बसली तेव्हा ज्वारीचं चुंगडं तिनं टपावर टाकू दिलं नाही. लहान मूल घ्यावं तसं मांडीवर घेतलं आणि वर हात ठेवून बसली. युसूफवडगावचा जीपवाला म्हणाला, "मावशे, पुण्यात जवारी मिळत न्हाई व्हय?" आई म्हणाली, "मिळती की. पर ती माझी नसती." माणसं हसली. आम्ही केजला जाऊन पुण्याची एसटी धरणार होतो. आमचे हे, म्हणजे दत्तात्रय, मागच्या बाकावर तवा, परात आणि सूप सांभाळत बसले होते.

कौसाकाकू, तुम्ही तेव्हा जीपच्या खिडकीशी उभ्या होतात. हसतच विचारलंत, "लेकीकडं चाललीस खरी, पर खाशील काय गं?" तुम्ही थट्टा केलीत हे मला कळलं, पण जीपमधल्या सगळ्यांनी ऐकलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न आईबापांनी खायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मला मूल नाही. तुम्ही विचारलंत आईला, लागलं मला.

आज हे लिहायला बसले, कारण गावात काय बोललं जातंय ते माझ्या कानावर आलंय. सुरेखानं आईला नेलं आणि उपाशी ठेवलं, म्हातारी रानोमाळ हिंडत होती, मिलिटरीवाल्यांनी धरून आणली. यातलं निम्मं खरं आहे. म्हणून सगळंच सांगते. तुमच्यासाठी आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या पोरींसाठीही, कारण आपल्या आया अशाच आहेत.

नेलं का, ते तर तुम्हांला माहीत आहे. माझे वडील, दादा, गेल्यावर आई एकटी. कोयत्याचा, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आपली गल्ली रिकामी होते, मागं म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. गेल्या हंगामात आई तापानं फणफणून पडली होती आणि तांब्याभर पाणी द्यायला कुणी नव्हतं. तुम्हीही उसातच होतात, तुम्हांला बोल लावत नाही. डेअरीवर दूध घालायला जाणाऱ्या माणसानं डोकावून बघितलं म्हणून ती वाचली. त्यानंतर मी हट्टच धरला. आषाढात शेत बटाईनं दिलं, शेळ्या विकल्या आणि तिला घेऊन आले.

इथं आल्यावर आईनं गॅलरीच्या कोपऱ्यात आपला संसार मांडला. आपलं पीठ, आपली डाळ, आपलं तिखट. पाण्याचा प्रश्न तिनं स्वतःच सोडवला. "नळाचं पाणी सरकारचं हाय, ते काय तुझ्या घरचं न्हाई," म्हणाली. गॅस कुणाचा, ते तिनं विचारलं नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. मी सकाळच्या शिफ्टवरून दमून येई, तर ओट्यावर तिची एक भाकरी झाकलेली असे आणि माझं पातेलं जसंच्या तसं. एका छताखाली आम्ही दोन चुलींच्या बाया. शेजारच्या मॅडमना वाटे, काय गोड आजी, स्वतःचं स्वतः करतात. मला मात्र दर जेवणाला तुमचा तो प्रश्न ऐकू यायचा. मूल नाही, मूल नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

गावाला मी विसरले नव्हते, पण गाव माझ्या घरात असं येऊन बसेल हेही वाटलं नव्हतं. मी इथं लिफ्टनं वर-खाली करते, भाजी फोनवर मागवते, आणि गॅलरीत माझी आई माझ्या घराला शिवायचं नाही म्हणून बसलेली.

आमची सोसायटी शहराच्या अगदी कडेला. मागच्या भिंतीपलीकडं मोकळा माळ, आणि माळ संपला की लष्कराचं तारेचं कुंपण. आत गोळीबाराचा सराव चालतो. सराव असला की टेकडीवर लाल झेंडा चढतो आणि आमच्या काचा थरथरतात. नवी होते तेव्हा दचकायचे, आता टीव्हीचा आवाज वाढवते. पाऊसकाळ सरता सरता आई एकदा खालून फिरून आली ती खुशीत. मुठीत तीन तीन पानांची, लालसर बारीक फुलांची काडी. "बरबडा हाय की गं हितं बी!" आपल्या माळावर गवतात हा किती उगवतो, शेळ्या आधी त्यालाच तोंड लावतात. शेंग एवढीशी, आत दाणा एखादा किंवा दोन. बाहत्तरच्या दुष्काळात आई लहान होती, तेव्हा घरात महिनाभर याच दाण्याची भाकरी होती म्हणे. कडसर लागायची, पण जीव राहिला. ती काडी तिनं पेल्यात पाणी घालून ठेवली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, काहीतरी ओळखीचं भेटलं, आता रमेल.

दिवाळी झाली आणि चुंगडं तळाला आलं. बटाईदाराची ज्वारी अजून रानात उभी, ती फाल्गुनाशिवाय हाती यायची नाही. आई भाकरी लहान करत गेली. मग एकवेळच खाऊ लागली. मी ओरडले, रडले, जेवण सोडून बसले. "मला भूकच लागंना, बसून तर असते," एवढंच तिचं उत्तर. शेवटी आमच्या ह्यांनी, ती सोसायटीतल्या मंदिरात गेली असताना, दुकानातली पाच किलो ज्वारी त्या चुंगड्यात ओतून टाकली. त्यांचा जीव तिच्यासाठी तुटत होता. पण हयात ज्या ज्वारीत गेली ती बाई फसेल का? संध्याकाळी तिनं चुंगड्यात हात घातला, मूठभर दाणा उजेडात धरला, परत टाकला आणि तोंड सुतळीनं बांधलं. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी शिफ्टवरून आले तर दाराला कुलूप. किल्ली शेजारी. आईचा फोन चार्जिंगला. वॉचमन म्हणाला, "आजी मागच्या गेटनं गेल्या सकाळीच, पिशवी होती हातात." मी मागं धावले. माळावर कुणी नाही. कुंपणाची तार एका ठिकाणी खाली दबलेली, आणि तारेच्या काट्याला आईच्या लुगड्याची हिरवी चिंधी. मी मान वर केली. टेकडीवर लाल झेंडा चढलेला होता.

आणि तेवढ्यात गोळ्यांचा आवाज सुरू झाला.

कौसाकाकू, तो आवाज मी इतकी वर्षं ऐकत होते, पण त्या दिवशी एकेक मोजत होते. मी कुंपणाच्या कडेनं चौकीपर्यंत पळाले, एक चप्पल वाटेत राहिली. पहाऱ्यावरचा जवान हिंदीत म्हणाला, उधर कोई नहीं जा सकता. मला हिंदी सुचेना, मराठी सुचेना. "मेरी माय अंदर है, माय," एवढंच बोलत राहिले. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वायरलेस उचलला. थोड्या वेळानं आवाज थांबले. हे बरं झालं असं क्षणभर वाटलं, आणि मग वाटलं, काही झालं म्हणून तर थांबले नसतील? हे कंपनीतून आले, माझ्याशेजारी उभे राहिले. आम्ही दोघं एकमेकांकडं बघतही नव्हतो. माझ्या दारात येऊन ती उपाशी मेली किंवा गोळीनं मेली, तर मी कुणाला काय सांगणार होते?

मग गवतातून दोन जवान येताना दिसले, आणि त्यांच्या पुढं आई. डोक्यावर पिशवी, पदर खोचलेला. ती त्यांनाच काहीतरी सांगत येत होती. चौकीतल्या साहेबांनी मला चांगलंच झापलं, नाव-पत्ता घेतला, आणि आईला बसायला खुर्ची दिली. आई म्हणाली, "मी काय चोरी केली का? माळावर झेंडा दिसला, म्हणलं म्हसोबा असंल. रानातलं खुडायच्या आदी पयली मूठ देवाला द्यावी, म्हणून झेंड्याकडं चाललते. देवाच्या माळावर कोण कशाला आडवील?"

तिची चूक म्हणावी तरी कशी? आपल्याकडं माळावर लाल झेंडा दिसला तर आपणही चप्पल काढून तिकडंच वळतो.

घरी आल्यावर मात्र माझा तोल गेला. पिशवीत बरबड्याच्या शेंगाच शेंगा. त्या बघून मी ओरडले, "माझ्या घरचं खाण्यापरीस मरण बरं वाटलं तुला? मला पोर न्हाई, ही काय माझी चूक हाय?" अकरा वर्षांत तिच्यापुढं हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. हे उठून बाहेर गेले.

आई शेंगा चोळत बसली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "तुझी चूक न्हाई गं. मी खाल्लं, तर तुला आता पोर हुणार न्हाई असं मीच कबूल केल्यावानी हुईल. म्हणून पाळत हुते. रानातलं कुणाचंच नसतंय, ते खाल्लं तर चालंल म्हणलं."

मला वाटत होतं ती रीतीसाठी उपाशी राहते. ती माझ्यासाठी वाट बघत होती.

मी तिच्याशेजारी बसले आणि शेंगा चोळू लागले. सुपानं पाखडल्यावर हाती आला तो फक्त ओंजळभर बारीक दाणा. मिक्सरवर दळला. आईनं परातीत पीठ घेतलं, कोमट पाणी घातलं, थापायला लागली, तर ते चिकटेना. कडेनं फाटलं, पुन्हा मळलं, पुन्हा फाटलं. बरबड्याला चिकी नसते, ज्वारीचा आधार लागतो. तिच्या चुंगड्याकडं मी बघितलं. सुतळी तशीच बांधलेली होती. बोलले असते तर बिघडलं असतं.

तिनं हात परातीतच ठेवले. गॅसवर तवा तापून धूर निघायला लागला होता. या घरात इतक्या महिन्यांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, पाण्याचा पेलाही नाही. गावाकडच्या घराला कुलूप आहे, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, आणि लोक विचारतात आता तुमचं घर कुठलं, तेव्हा मी बीडकडचं म्हणून सांगते. त्या दिवसापासून ते सांगताना मी जरा अडखळते.

आई म्हणाली, "सुरेखे, तुझा पिठाचा डबा कंचा गं?"